डबा बदलला की केकचा हिशोब कसा बदलायचा

मागच्या वर्षी पुतण्याच्या वाढदिवसाला मी घरीच केक केला होता. माझी रेसिपी ६ इंचाच्या गोल डब्याची, तीच मी कायम करते, पण त्या दिवशी घरचे-बाहेरचे मिळून वीस-पंचवीस माणसं होती म्हणून मुद्दाम वरूडच्या बाजारातून ८ इंचाचा चौकोनी डबा आणला. मनात हिशोब केला की ६ चे ८ झाले म्हणजे एक-तृतीयांश वाढलं, मग सगळं सामान तेवढंच वाढवून घेतलं, दर वेळसारखी अर्ध्या तासानं ओटीजी (विजेची छोटी भट्टी) उघडली तर आत केक नव्हताच, जाड भाकरीसारखं काहीतरी होतं, कडा कडक झालेल्या नि मधलं कोरडं. पोट्टे बिचारे क्रीम लावून खाऊन गेले. मला मात्र रात्रभर कळेना की सामान वाढवलं होतं तरी केक इतका पातळ का झाला.

सकाळी चहा पिताना मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ते एका मिनिटात सांगितलं. त्यांनी आयुष्यात केक केला नाही पण वावर मोजलंय. म्हणाले, "सूनबाई, एका एकराले सोयाबीनची ३० किलोची एक बॅग लागते नं? आता वावर लांबीनंही डबल झालं अन् रुंदीनंही डबल झालं, तं बॅगा किती लागन?" मी म्हटलं चार. "मंग त्या डब्याले काऊन कमी टाकलं बाई?"

झालं, सगळी गोष्ट तिथंच आहे. डबा इंचात मोजतात पण बॅटर काही इंचाच्या रेघेवर बसत नाही, ते पसरतं लांबीत नि रुंदीत दोन्हीकडे, म्हणजे हिशोब डब्याच्या रुंदीचा नाही तर बुडाच्या क्षेत्रफळाचा करायचा. ६ चे १२ इंच झाले तर सामान दुप्पट नाही, चौपट लागतं. आणि हे सगळं करायचं एकाच कारणासाठी, की डबा कोणताही असो, बॅटर आत जेवढं उंच उभं राहायचं तेवढंच उंच उभं राहिलं पाहिजे. उंची तीच राहिली की आच तीच, वेळही जवळपास तोच, केकचा पोतही तोच. उंची बदलली की मग सगळंच बदलतं. मी आता कोणतीही रेसिपी वाचली की आधी डब्याचा आकार बघते, सामान नंतर.

आता गोल डब्याचं गणित शाळेत होतं, पाय (π) गुणिले त्रिज्येचा वर्ग, पण खरं सांगू का, गोलावरून गोलावर जायचं असेल तर पायची गरजच पडत नाही कारण तो दोन्हीकडे आहे नि कटून जातो. फक्त डब्याच्या रुंदीला त्याच आकड्यानं गुणायचं. ६ चे ३६, ७ चे ४९, ८ चे ६४, ९ चे ८१, १० चे १००. मग नव्या डब्याचा आकडा भागिले जुन्या डब्याचा आकडा. ६ वरून ८ वर जायचंय तर ६४ भागिले ३६, म्हणजे १.७८, आपल्या भाषेत पावणेदोन पट. ६ वरून ९ वर गेलं तर ८१ भागिले ३६, बरोब्बर सव्वादोन पट. ६ वरून १० वर गेलं तर पावणेतीन पट नि वर जरासं. ६ वरून ७ वर फक्त एक इंच वाढलं असं वाटतं पण तिथंही १.३६ पट होतं, म्हणजे एक-तृतीयांशापेक्षा जास्तच सामान लागतं, आणि लोक इथंच फसतात, एका इंचानं काय होते म्हणतात नि तेवढंच सामान टाकतात. आपल्याकडे पाव, सव्वा, दीड, पावणेदोन, सव्वादोन हे शब्द रोजच्या बोलण्यात आहेत, कॅल्क्युलेटरचा आकडा तसा जवळच्या पावपर्यंत आणून ठेवला तरी केकला चालतं, पॉइंटच्या मागं लागायची गरज नाही.

उलटंही असंच. रेसिपी ८ इंचाची आहे नि तुमच्याकडे ६ चा डबा आहे, तर ३६ भागिले ६४, म्हणजे ०.५६, अर्ध्यापेक्षा थोडं जास्त. अर्धं सामान घेतलं तर थोडा बुटका होईल पण चालेल. सगळं सामान घेऊन ६ च्या डब्यात ओतलं तर मात्र ओटीजीच्या बुडाशी धूर निघणार, कारण बॅटर फुगतं नि कडेवरून खाली येतं.

चौकोनी डब्याचं वेगळं आहे. ८ इंच गोल नि ८ इंच चौकोनी हे एकसारखे नाहीत, कारण चौकोनाला चार कोपरे जास्तीचे आहेत. कागदावर ८ इंचाचा चौकोन काढून आत थाळी ठेवून पाहा, किती जागा उरते ते दिसेल. हिशोबानं चौकोनी डब्यात त्याच मापाच्या गोल डब्यापेक्षा १.२७ पट, म्हणजे सव्वापट बॅटर मावतं. याची एक सोपी युक्ती आहे जी मला फार आवडते, चौकोनी डबा म्हणजे एक इंच मोठा गोल डबा समजायचा. ७ इंच चौकोनी म्हणजे ८ इंच गोल, ८ इंच चौकोनी म्हणजे ९ इंच गोल, ९ इंच चौकोनी म्हणजे साधारण १० इंच गोल. घरी वापरतो त्या मापांना हे बरोबर बसतं. त्या वाढदिवसाला मला ६ गोलवरून ८ चौकोनीवर जायचं होतं म्हणजे ६ वरून ९ वर, सव्वादोन पट पाहिजे होतं आणि मी टाकलं होतं एक नि एक-तृतीयांश. केक भाकरीसारखा होणारच होता.

आता माझी ६ इंचाची रेसिपी लिहिते म्हणजे आकडे डोळ्यासमोर येतील. बिनअंड्याचा दह्याचा केक आहे, मैदा १२० ग्रॅम, पिठीसाखर ९० ग्रॅम, दही १५० ग्रॅम, तेल ६० ग्रॅम, बेकिंग पावडर पाऊण टीस्पून, खायचा सोडा पाव टीस्पून, दोन मोठे चमचे दूध, थोडं व्हॅनिला, चिमूटभर मीठ. हे ६ इंच रुंद नि २ इंच उंच डब्यात साधारण अर्ध्यापर्यंत येतं. ८ इंच गोलला पावणेदोन पट करायचं म्हणजे मैदा २१०, साखर १५५ ते १६०, दही २६०, तेल १०५ ग्रॅम, बेकिंग पावडर सव्वा टीस्पून, सोडा अर्धा टीस्पून भरायला जरासा कमी. ८ इंच चौकोनीला सव्वादोन पट म्हणजे मैदा २७०, साखर २००, दही ३४०, तेल १३५, पावडर दीड टीस्पूनच्या जरा वर, सोडा अर्धा टीस्पून. संत्र्याच्या दिवसात मी दुधाऐवजी संत्र्याचा रस टाकते नि वरची केशरी साल किसून घालते (पांढरं कातडं येऊ द्यायचं नाही, कडू होतं), तेही याच पटीत वाढतं.

इथं एक गोष्ट कळकळीनं सांगते, वजनकाटा घ्या. दीड-दोन वाट्यांच्या केकला वाटी चालून जाते पण सव्वादोन पट करायला लागलं की प्रत्येक वाटीतली चूकही सव्वादोन पट होते. मैदा वाटीत दाबून भरला नि हलका भरला यात बराच फरक पडतो. किराणा दुकानात सुटं सामान मोजायला असतो तसला लहान डिजिटल काटा असला तरी झालं. सोडा नि पावडर मात्र चमच्यानंच मोजायची, सपाट चमचा, वरून सुरी फिरवलेला. सोडा जास्त झाला की केक तपकिरी होतो नि साबणासारखी चव लागते, आणि ती कितीही क्रीम लावलं तरी जात नाही.

डब्याचं माप कसं घ्यायचं तेही सांगते कारण बाजारात डब्यावर काय वाट्टेल ते लिहिलेलं असतं, काही डबे तर नुसते अर्धा किलोचा, एक किलोचा म्हणूनच विकतात. टेप आतून लावायचा, या कडेपासून त्या कडेपर्यंत, बाहेरची मुडपलेली किनार धरायची नाही. खाली निमुळता नि वर पसरट असा डबा असेल, आपले गंज, म्हणजे पातेली, असेच असतात बहुतेक, तर बॅटर जिथपर्यंत येणार त्याच्या मध्यावर मोजायचं. सेंटीमीटरमध्ये रेसिपी असली तर १५ म्हणजे ६ इंच, १८ म्हणजे ७, २० म्हणजे ८ आणि २३ म्हणजे ९ असं धरून चला.

पण सगळ्याच डब्यांना असं टेपनं मोजता येत नाही. माझ्या जावेनं हार्टच्या आकाराचा डबा आणला होता, तिचं लग्नाचं वर्ष होतं, आणि विचारत होती की याला किती घेऊ. हार्टला लांबी कुठली धरायची नि रुंदी कुठली? मग आम्ही ओसरीवर दोन्ही डबे ठेवले, माझा ६ इंचाचा नि तिचा हार्टचा. आधी गडव्यानं पाणी ओतून मोजायचं ठरवलं होतं पण हार्टच्या डब्याचं बूड सुटं होणारं निघालं, सगळं पाणी खालून ओसरीभर झालं. म्हणून मग तांदूळ घेतला. एक काडी घेतली, तिला एक इंचावर खूण केली, माझ्या डब्यात तांदूळ टाकत गेलो नि काडी उभी करून पाहत गेलो, वरून हात फिरवून सपाट केला, खुणेपर्यंत यायला तीन वाट्या लागल्या. मग तीच काडी, तीच वाटी, हार्टच्या डब्यात. खालच्या टोकात तांदूळ नीट जात नाही, तिथं बोटानं सारावा लागतो. साडेचार वाट्या लागल्या. साडेचार भागिले तीन, दीडपट, संपला हिशोब. मैदा १८०, साखर १३५, दही २२५, तेल ९०.

हीच रीत कोणत्याही वेड्यावाकड्या आकाराला चालते, ५ च्या आकड्याचा डबा, मध्ये नळी असलेला डबा, खाचाखाचांचं भांडं, काहीही. बूड पक्कं असेल तर पाण्यानं अजून अचूक होतं. लक्षात फक्त एवढं ठेवायचं की दोन्ही डबे काठोकाठ भरून तुलना करायची नाही, दोन्ही सारख्या उंचीपर्यंत भरायचे. एक डबा २ इंच उंच नि दुसरा ४ इंच उंच असेल आणि दोन्ही काठापर्यंत भरले, तर उंच डब्यात तुम्ही दुप्पट खोल बॅटर टाकाल, नि मग ते शिजवता शिजवता नाकी नऊ येतील.

आणि हार्टचा डबा नसेल तर आणूही नका. एक ६ इंचाचा चौकोनी केक नि एक ६ इंचाचा गोल केक करा, गोल केक मधून कापून दोन अर्ध्या चकत्या करा, चौकोनी केक टोकावर उभा असल्यासारखा तिरपा ठेवा आणि त्याच्या वरच्या दोन बाजूंना त्या दोन चकत्या चिकटवा. हार्ट तयार, क्रीमखाली जोड दिसत नाही.

आता वेळ नि आच, यातच लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. सामान दुप्पट केलं म्हणून वेळ दुप्पट होत नाही. वेळ ठरतो बॅटरच्या खोलीवर, कारण उष्णता बाहेरून आत जाते नि तिला मधल्या भागापर्यंत पोचायचं असतं. रोडगे, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे, करणाऱ्या कोणालाही हे वेगळं शिकवायला नको. शंभर रोडगे लावले काय नि दहा लावले काय, गोवऱ्या जास्त लागतील पण एकेक रोडगा भाजायला वेळ तेवढाच लागतो. पण रोडगा मोठा नि जाड बांधला, आणि जाळ तोच जोराचा ठेवला, तर वरून काळा होतो नि आत कणीक तशीच कच्ची. त्याला जाळ मोडू द्यावा लागतो, मंद निखाऱ्यात, राखेत दाबून ठेवावा लागतो. केकचंही हेच आहे. खोल डब्यात आच १० ते १५ डिग्रीनं कमी करायची, १८० ची १६५ करायची, नि वेळ वाढवायचा. आणि इथंही तो वर्गाचा नियम डोकं वर काढतो, खोली दुप्पट झाली की मध्यापर्यंत उष्णता पोचायचा वेळ दुपटीपेक्षा बराच जास्त वाढतो. मोठ्या आचेवर खोल केक ठेवला तर कडा आधी घट्ट होतात, मधलं अजून पातळ असतं, ते नंतर फुगून वर यायला बघतं नि जागा मिळेल तिथून फुटतं, म्हणून मध्ये टेकडी होते नि वर तडा जातो.

खोली तीच ठेवली असेल तर माझा ६ इंचाचा केक १८० वर तीस-पस्तीस मिनिटं घेतो नि ८ इंचाचा पाचेक मिनिटं जास्त. पातळ थर असेल, बॅटर पाऊण इंचापेक्षा कमी, तर वीस मिनिटांपासूनच बघायला लागायचं. त्या दिवशी मी तेच केलं नाही, पातळ थराला पूर्ण अर्धा तास दिला, म्हणून कोरडा झाला. घड्याळापेक्षा नाक नि सुरी यांच्यावर भरवसा ठेवा, वास घरभर आला की बघायची वेळ झाली, सुरी मधोमध टोचायची, कडेला नाही, आणि ती कोरडी किंवा एक-दोन कोरडे कण लागून निघाली की झालं. केक कडेपासून जरासा सुटलेलाही दिसतो.

माझं मत विचाराल तर उंच केक एका डब्यात करूच नये. ६ इंचाच्या उंच डब्यात एक किलोचं बॅटर भरून तास-सव्वा तास भाजण्यापेक्षा दोन वेळा दोन पातळ केक भाजा नि एकावर एक ठेवा, तेवढाच वेळ लागतो, गॅस किंवा लाइटही जवळपास तेवढीच, आणि केक मऊ राहतो. उन्हाळ्यात तर उंच केकच्या नादाला लागूच नका, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, क्रीमचे उंच मजले गावातून गाडीवर नेईपर्यंत एका बाजूला झुकतात. तेव्हा रुंद नि बुटका केक करायचा, ८ चौकोनी, मध्ये क्रीमचा एकच थर.

डबा अर्ध्यापासून दोन-तृतीयांशापर्यंतच भरायचा, त्याच्या वर नाही. उरलेलं बॅटर फेकायचं नाही, स्टीलच्या छोट्या वाट्यांना तेल लावून त्यात टाकायचं, पंधरा-वीस मिनिटांत होतात. आप्पेपात्रातही छान होतात, झाकण ठेवून एकदम मंद गॅसवर, नि एकदा उलटायचे. आमच्याकडची लहान लेकरं मोठ्या केकपेक्षा तेच मागतात.

डबा कशाचा आहे त्यानंही फरक पडतो. जर्मनचं भांडं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, उष्णता स्टीलपेक्षा दहापट तरी चांगली पोचवतं, म्हणून केक सगळीकडून सारखा होतो. जुना जर्मनचा गंज असेल सरळ कडांचा तर नवा डबा घ्यायचीही गरज नाही, बुडाला नि कडेला बटर पेपर लावला की झालं. स्टीलच्या डब्यात एखाद्या जागी जास्त भाजतं, एखाद्या जागी कमी, पाच-दहा मिनिटं जास्तही लागतात. काळा नॉनस्टिक डबा आच जास्त ओढतो, त्यात कडा लवकर लाल होतात, म्हणून तिथं आच थोडी कमी. काचेचं भांडं उशिरा तापतं पण एकदा तापलं की बाहेर काढल्यावरही भाजतच राहतं, त्यालाही १५ डिग्रीनं कमी ठेवायचं.

ज्यांच्याकडे ओटीजी नाही त्या कुकरमध्ये करतात, मीही चार वर्षं कुकरमध्येच केले. शिट्टी नि रबर काढून, बुडाशी मिठाचा किंवा रेतीचा थर, वर जाळी, दहा मिनिटं आधी तापवून. तिथं डब्याचं माप आणखी जपून घ्यावं लागतं, कारण डबा नि कुकरची भिंत यांच्यात चारी बाजूंनी किमान बोटभर जागा पाहिजे, गरम हवा फिरायला. डबा भिंतीला टेकला की ती बाजू जळते. म्हणून आधी कुकरचं आतलं माप घ्या, मग डबा, मग रेसिपीचा हिशोब, याच क्रमानं. ओटीजीतही हेच, मोठा ट्रे आत बसला म्हणून खुश व्हायचं नाही, तो चारी बाजूंनी टेकलेला असेल तर वरची आच खाली नि खालची वर जायला वाटच उरत नाही.

आणि मोठी ऑर्डर असली, दोन-तीन डबे भाजायचेत पण आत एकच मावतो, तेव्हा सगळं बॅटर एकदम कालवून ठेवू नका. सोडा दह्याला लागला की लगेच गॅस सुटायला लागतो, तो काही तुमची वाट बघत नाही, दुसरा डबा अर्ध्या तासानं आत गेला तर तोवर हवा निघून गेलेली असते नि केक बसतो. कोरडं सगळं एकत्र चाळून वेगळं, ओलं सगळं एकत्र फेटून वेगळं, दोन्हीचे काट्यावर सारखे वाटे करून ठेवायचे, आणि पहिला केक निघायच्या पाच मिनिटं आधी दुसरा वाटा कालवायचा. लाइटचा भरवसा नसतो त्या गावात तर हे करायलाच पाहिजे. एकदा लाइट गेली नि माझं तीन डब्यांचं कालवलेलं बॅटर तसंच राहिलं, तेव्हापासून मी कोरडं-ओलं वेगळं ठेवल्याशिवाय राहत नाही. कोरड्या मिश्रणाला तर दुसऱ्या दिवशीपर्यंतही काही होत नाही.

बेकिंग पावडरबद्दल एक बारीक गोष्ट. ९ इंचापर्यंत ती सरळ पटीत वाढवायची. १० इंचाच्या पुढं मी हिशोबापेक्षा थोडी कमी टाकते, कारण रुंद डब्यात मधला भाग भिंतीपासून लांब असतो, तिथं उष्णता उशिरा पोचते, बॅटरला धरायला कड नसते, तो फुगून जातो पण घट्ट व्हायच्या आधीच खाली बसतो नि मध्ये खळगा पडतो. मोठ्या डब्यासाठी अजून एक उपाय आहे, जुन्या सुती लुगड्याची पट्टी पाण्यात बुडवून पिळायची, दुपदरी घडी करून डब्याला बाहेरून गुंडाळायची नि पिन लावायची. ओल्या पट्टीमुळं कड जरा थंड राहते, मधल्यासोबतच शिजते नि केक वरून सपाट येतो, मग क्रीम लावायला वरचा भाग कापून टाकावा लागत नाही. कुकरमध्ये हे करू नका, ओटीजीतच, आणि पट्टी कॉइलला लागणार नाही हे बघून.

अंड्याचा केक करणाऱ्यांना पटीत अडचण येते, दोन अंड्यांचं पावणेदोन पट म्हणजे साडेतीन अंडी, अर्धं अंडं कुठून आणायचं. चार अंडी फोडून फेटायची नि काट्यावर पाहिजे तेवढंच घ्यायचं, उरलेलं आम्लेटला. तसंही अंडी मोजून घेण्यात धोका आहे, फॉर्मचं अंडं मोठं असतं नि गावरान लहान, रेसिपीत दोन लिहिलंय म्हणून दोन गावरान टाकली तर कमी पडतात. सालीशिवाय ५० ग्रॅम म्हणजे एक अंडं असं धरून वजनानं घ्या.

हा हिशोब फक्त केकचा नाही बरं का. ढोकळ्याची थाळी बदलली तरी हेच, बॅटरची उंची तीच तर वाफ द्यायचा वेळ तोच. संत्रा बर्फी थापताना तर सासूबाई कधीपासून हेच करत आल्यात, त्या थाळी आधी निवडतात नि मग खवा किती ते ठरवतात, आणि गोळा थाळीत टाकल्यावर पुरत नाही असं वाटलं तर अख्ख्या थाळीत पसरतच नाहीत, अर्ध्या थाळीत जाड थापतात नि मोकळ्या बाजूला वाटी टेकवून ठेवतात. केकलाही हे करता येतं, चौकोनी डबा मोठा वाटला तर ॲल्युमिनियम फॉइलची चार-पाच घड्यांची भिंत करायची, मागच्या मोकळ्या जागेत स्टीलची वाटी टेकवायची म्हणजे ती सरकत नाही, नि तेवढ्याच भागात बॅटर ओतायचं.

मी आता एक केलंय. आपल्याकडे भांड्यावर नाव टाकून देतात नं दुकानात, तिथं माझे सगळे डबे घेऊन गेले आणि नावाऐवजी बुडाखाली आकडे टाकून घेतले. ६ गोलच्या डब्यावर १, ७ च्या डब्यावर १ आणि पुढं एक-तृतीयांश, ८ गोलवर पावणेदोन, ८ चौकोनीवर सव्वादोन, जर्मनच्या मोठ्या गंजावर पावणेतीन. डबा उलटा करून बघायचा नि सरळ काट्यावर मैदा मोजायला घ्यायचा. जावेचा हार्टचा डबा तेवढा राहिलाय, त्यावर दीड टाकायचंय.